गुळाचा पुन्हा रस करायचा तर : लहान रेणूंनी पेशी बदलण्याचा तुमचा पहिला प्रयोग

गुऱ्हाळावर एकदा जरी गेला असाल तरी हे ठाऊक असेल. काहिलीत रस आटला, काकवी झाली, पुढे गूळ झाला, की परतीची वाट बंद. गुळात पाणी घातलं तर गुळवणी होते, उसाचा रस काही होत नाही. शरीरातल्या पेशींबद्दलही कितीतरी वर्षं अशीच समजूत होती. कातडीची पेशी एकदा कातडीची झाली की मरेपर्यंत कातडीचीच.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला जॉन गर्डन यांनी. बेडकाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक त्यांनी अंड्यात बसवलं आणि त्यातून बेडूकमासा वाढला, ते वर्ष १९६२. पुढे २००६ मध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींत (कातडीखालच्या जोडऊतीतल्या पेशी) चार जनुकं घालून त्यांना मूलपेशींसारखं केलं, म्हणजे ज्यांच्यापासून कुठलीही पेशी घडू शकते तशा. २०१२ चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळून गेलं. २०१३ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या डेंग होंगकुई यांच्या गटाने एकही जनुक न घालता, फक्त लहान रेणूंच्या मिश्रणाने, उंदराच्या पेशी मागे नेऊन दाखवल्या.

एमएस्सीची मुलं हा शेवटचा पेपर वाचून येतात आणि म्हणतात, 'सर, सात रसायनं तर मागवायची आहेत, एवढंच ना?' रसायनांची यादी छापून आलेलीच आहे, कुणीही मागवू शकतं. पण गुळव्या काय काय घालतो हे माहीत असूनही प्रत्येकाचा गूळ त्याच्यासारखा उतरत नाही. डोस, वेळ, क्रम आणि आपल्याला जे दिसतंय ते खरंच तेच आहे का याची खात्री, या चार गोष्टींवर सगळं अडतं. या लेखात भर त्यांच्यावर आहे.

आधी काय बदलायचं ते ठरवा

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे पेशी पार मागे, मूलपेशीच्या अवस्थेत नेणं. २०१३ च्या कामात व्हॅल्प्रोइक आम्ल, सीएचआयआर-९९०२१, रेपसॉक्स, ट्रॅनिलसिप्रोमिन, फोर्स्कोलिन आणि डीझेडनेप अशी सहा रसायनं होती आणि सातवं टीटीएनपीबी. वेळ लागला महिन्याच्या वर, आणि यश फार तर ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. माणसाच्या पेशींवर हे जमायला २०२२ उजाडलं. पहिल्या प्रकल्पाला ही वाट घेऊ नका. दोन महिने प्लेटा सांभाळून शेवटी हाताला काही लागत नाही, आणि चूक कुठे झाली हेही कळत नाही.

दुसरी वाट म्हणजे थेट बदल. मूलपेशीच्या थांब्यावर न उतरता फायब्रोब्लास्टचा सरळ न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, करायचा. २०१५ मध्ये यावर दोन पेपर एकाच वेळी आले, एक उंदराच्या पेशींवर, दुसरा माणसाच्या. माणसाच्या पेशींसाठी सात रेणू वापरले होते : व्हॅल्प्रोइक आम्ल, सीएचआयआर-९९०२१, रेपसॉक्स, फोर्स्कोलिन, एसपी-६००१२५, जीओ-६९८३ आणि वाय-२७६३२. दोन-तीन आठवड्यांत निकाल दिसतो. पुढचं सगळं मी हीच वाट धरून सांगतो.

यातली काही नावं दवाखान्यातली आहेत. व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्याचं जुनं औषध. पेशीत ते डीएनएची गच्च गुंडाळी सैल करतं, त्यामुळे बंद पडलेली जनुकं वाचता येतात. सीएचआयआर जीएसके-३ हे एन्झाइम अडवून डब्ल्यूएनटी हा पेशीतला संदेशमार्ग चालू करतं. रेपसॉक्स टीजीएफ-बीटाचा संदेश तोडतं, आणि याच संदेशावर फायब्रोब्लास्ट आपलं फायब्रोब्लास्टपण टिकवून असतो. फोर्स्कोलिन पेशीतलं सायक्लिक एएमपी (निरोप पोचवणारा एक रेणू) वाढवतं. ते कोलिअसच्या मुळांतून येतं. गुजरातेत गरमर म्हणून लोणचं घालतात तीच ही मुळं. (लोणचं खाऊन मेंदू वाढत नाही, कुणीतरी विचारतंच म्हणून सांगून टाकलं.) वाय-२७६३२ विखुरलेल्या पेशींना मरणापासून थोडं सावरतं. एकूण काय, एकाने जुनी ओळख पुसायची, दुसऱ्याने नव्या ओळखीला वाट करायची, तिसऱ्याने जीव तगवायचा.

परवानग्या

माणसाच्या पेशी वापरणार असाल तर संस्थेची नीतिमत्ता समिती आणि मूलपेशी संशोधनाची वेगळी समिती, दोन्हीकडे जावं लागतं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा. उंदराचे गर्भ घ्यायचे तर प्राणी नीतिमत्ता समिती. कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि रिजनरेटिव्ह मेडिसिनचा विभागच आहे, आणि शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, झूलॉजी आहे. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर अशा ठिकाणी सहमार्गदर्शक शोधा. अर्ज पहिल्या सत्रातच टाका.

पाऊस बघून ऑर्डर द्या

प्रोटोकॉलमध्ये हे कुणी लिहीत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पुणे-बंगळुरू महामार्ग आपल्याकडे दिवसेंदिवस बंद होता. कोरड्या बर्फातला खोका वाटेत अडकला की त्यातल्या पेशी गेल्याच म्हणून समजा. पेशी, सीरम (पेशींना पोसणारा रक्तद्रव), बीडीएनएफसारखी प्रथिनं, जे जे गोठलेलं येतं ते मेअखेर तरी येऊ द्या, नाहीतर सप्टेंबर सरल्यावर मागवा. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जाते, म्हणून इन्क्युबेटरला यूपीएस हवाच. कार्बन डायऑक्साइडची सिलिंडरं दोन ठेवा. माझं एकुलतं एक सिलिंडर ऐन विसर्जनाच्या आदल्या रात्री संपलं होतं आणि दुकान उघडलं तिसऱ्या दिवशी. मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रव, जांभळं पडलं, दहा दिवसांचं काम मोरीत गेलं.

द्रव नायट्रोजनची मात्र आपल्या जिल्ह्यात फारशी अडचण नाही. म्हशी-गाईंच्या कृत्रिम रेतनामुळे तो गावोगाव फिरत असतो.

पावसाळ्यात बुरशीचा जोर असतो. इन्क्युबेटरच्या तळातल्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला.

पेशी निवडताना

हात बसवायला थ्रीटीथ्री किंवा एल-९२९ या लाइन (प्रयोगशाळेत न थांबता वाढत राहणाऱ्या पेशी) चालतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून अशा लाइन मिळतात. रेणूंची विषारकता बघायला त्या पुरतात. पण खऱ्या प्रयोगाला अमर लाइन घेऊ नका. सतत विभागत राहायची सवय लागलेली पेशी न्यूरॉनसारखी थांबायला सहज तयार होत नाही. प्राथमिक पेशीच घ्या : माणसाच्या त्वचेच्या फायब्रोब्लास्ट दहाव्या पॅसेजच्या आतल्या (पेशी एका भांड्यातून दुसऱ्यात वाटून वाढवल्या की एक पॅसेज), उंदराच्या गर्भाच्या असतील तर तिसऱ्या-चौथ्या पॅसेजपर्यंत.

उंदराच्या गर्भातून पेशी काढताना डोकं, पाठीचा कणा आणि पोटातले अवयव काळजीपूर्वक काढून टाकायचे असतात. कण्याचा तुकडा राहून गेला तर मज्जासंस्थेच्या मूळच्या पेशी प्लेटमध्ये येतात आणि दोन आठवड्यांनी तुम्ही 'न्यूरॉन झाले' म्हणून नाचता. ते आधीपासूनच तिथे असतात. म्हणून रेणू घालण्यापूर्वी एक खण वेगळा ठेवून त्यावर न्यूरॉनच्या खुणांसाठी स्टेनिंग करा, म्हणजे रंग देऊन बघा. तो पूर्ण कोरा दिसला तरच पुढे जा.

मायकोप्लाझ्मा या बारीक जिवाणूची पीसीआर चाचणी दर महिन्याला. मायकोप्लाझ्मा नेहमीच्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, पण पेशींचं वागणं बदलतो. चाचणीआधी दोन-तीन दिवस अँटिबायोटिक बंद ठेवा.

स्टॉक : सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

स्टॉक म्हणजे रेणूचं दाट द्रावण, त्यातलं थोडं थोडं पुढे मीडियममध्ये घालायचं. सीएचआयआरची ५ मिलिग्रॅमची बाटली आली असं धरू. रेणूभार ४६५.३. म्हणजे बाटलीत १०.७ मायक्रोमोल. १.०७ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की १० मिलिमोलर स्टॉक झाला. सोपं वाटतं. पण हाच रेणू हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपातही विकला जातो, आणि ट्रायहायड्रोक्लोराइडचा रेणूभार ५७४.७ आहे. नेटवरून भार उचललात आणि बाटलीत क्षार निघाला तर तुमचा डोस जवळपास १९ टक्क्यांनी कमी पडतो. रेणूभार नेहमी हातातल्या बाटलीच्या लेबलवरून घ्या.

फोर्स्कोलिन १० मिलिग्रॅम, रेणूभार ४१०.५, म्हणजे २४.४ मायक्रोमोल. ५० मिलिमोलर स्टॉक हवा तर ०.४९ मिलिलिटर डीएमएसओ. सोडियम व्हॅल्प्रोएट पाण्यात विरघळतं : रेणूभार १६६.२, ८३ मिलिग्रॅम एक मिलिलिटरमध्ये, की ०.५ मोलर. ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. वाय-२७६३२ सुद्धा पाण्यातलं.

आता गंमत बघा. माणसाच्या पेशींच्या कृतीत सीएचआयआर ३, फोर्स्कोलिन १०, रेपसॉक्स १, एसपी-६००१२५ १० आणि जीओ-६९८३ ५ मायक्रोमोलर लागतं. सगळे स्टॉक 'हिशोबाला सोपे' म्हणून १० मिलिमोलरचे केलेत तर डीएमएसओ किती जाईल? ०.०३, ०.१, ०.०१, ०.१ आणि ०.०५. बेरीज ०.२९ टक्के. प्रत्येक रेणूपुरतं ते ०.१ च्या वर जात नाही, म्हणून नजरेतून सुटतं. पण पेशीच्या वाट्याला बेरीज येते, आणि डीएमएसओ काही नुसतं पाणी नव्हे. ल्युकेमियाच्या उंदीर-पेशी नुसत्या डीएमएसओने हिमोग्लोबिन बनवू लागतात हे १९७१ मध्येच शार्लट फ्रेंड यांनी दाखवलं होतं. फोर्स्कोलिनचा स्टॉक ५० आणि एसपी-६००१२५ चा २० मिलिमोलर केला की बेरीज ०.१६ वर येते. तुमच्या कंट्रोल खणातही (रेणूंविना, तुलनेसाठी ठेवलेल्या) बरोबर ०.१६ टक्केच डीएमएसओ घालायचं. 'कंट्रोलला ०.१ घातलं' असं लिहिलेलं जर्नल मी परत देतो.

स्टॉकच्या २० मायक्रोलिटरच्या लहान कुप्या करून उणे २० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नका. डीएमएसओ साधारण १८.५ अंश सेल्सिअसला गोठतं, त्यामुळे जानेवारीच्या सकाळी कोल्हापुरात कपाटातली बाटली दगडासारखी निघते. घाबरू नका, हातात धरून कोमट करा आणि पूर्ण पातळ झाल्यावरच पिपेट बुडवा.

स्टॉक थंड मीडियममध्ये एकदम टाकलात तर रेणू साक्याने खाली बसतो. मीडियम ३७ अंशांवर आणा, नळी हलवत थेंबाथेंबाने सोडा. आयुष्यातल्या पहिल्या 'न्यूरॉन'चे मी काढलेले फोटो अजून जपून ठेवलेत. लांब, सरळ, देखण्या शाखा. त्या सुया होत्या. मिश्रणातल्याच कुठल्यातरी रसायनाच्या.

स्वतःचा डोस ठरवा

पेपरमधला आकडा त्यांच्या पेशींचा आहे. ९६ खणांच्या प्लेटांमध्ये प्रत्येक रेणू पाच डोसांत, छापलेल्या डोसाच्या पावपटीपासून चौपटीपर्यंत, तीन तीन खणांत घाला आणि तीन दिवसांनी एमटीटी किंवा ट्रिपॅन ब्लू या रंगांनी जिवंत पेशी मोजा. मग पूर्ण मिश्रणावर हेच पुन्हा. एकेकटे सोसले जाणारे रेणू एकत्र आले की पेशी मारू शकतात. या पायरीला दोन आठवडे जातात आणि मुलं कंटाळतात. पण ही टाळली की पुढचे दोन महिने जातात.

दिवसांचा हिशोब

आदल्या दिवशी : २४ खणांच्या प्लेटवर पॉली-लायसिन आणि लॅमिनिनचा थर देऊन खणाला १५ ते २० हजार पेशी टाका. मीडियम नेहमीचं, १० टक्के सीरमसह. दुसऱ्या दिवशी पेशी बसलेल्या, पण एकमेकींना खेटलेल्या नसाव्यात.

दिवस शून्य : पीबीएसने (क्षारांचं द्रावण) दोनदा धुवा. सीरमचा अंश राहता कामा नये, सीरम मिळत असेपर्यंत फायब्रोब्लास्टला बदलायचं कारणच नसतं. मग डीएमईएम-एफ१२ आणि न्यूरोबेसल निम्मं निम्मं, त्यात एन-२, बी-२७, सायक्लिक एएमपी, बीएफजीएफ आणि सातही रेणू. हे मिश्रण त्या दिवशीचं त्या दिवशी करा.

दिवस १ ते ३ : पेशी मरतील. तळ विरळ होईल, कचरा तरंगेल. इथे मुलं घाबरून प्लेट टाकून देतात. कंट्रोल खण शाबूत असेल आणि रेणूंच्या खणात तिसरा हिस्सा जरी शिल्लक असला तरी चालू ठेवा. दोन्हीकडे मरत असतील तर दोष रेणूंचा नाही, मीडियम किंवा प्लेटच्या थराचा आहे.

दिवस ३ ते ७ : दर तीन दिवसांनी मीडियम बदला, रेणू ताजे. बदलताना सगळं ओढून घेऊ नका, बदलू लागलेल्या पेशी हलक्या धक्क्यानेही सुटतात. काही पेशी आक्रसून गोल होतात, दोन टोकांना बारीक शाखा फुटतात.

आठव्या दिवसाच्या आसपास : पहिलं मिश्रण काढून घ्या. आता सीएचआयआर, फोर्स्कोलिन आणि डॉर्सोमॉर्फिन, शिवाय बीडीएनएफ, जीडीएनएफ आणि एनटी-३ ही न्यूरॉनला जगवणारी प्रथिनं. पहिल्या मिश्रणात पेशी आणखी आठ दिवस ठेवल्या तर जास्त न्यूरॉन मिळतील असं वाटतं, मलाही वाटायचं. ओळख पुसणारे रेणू जास्त दिवस राहिले तर नवी ओळखही पक्की होऊ देत नाहीत. गुळव्याला काहील उतरवायची वेळ साधावी लागते, तसंच हे.

चौदाव्या दिवसापासून पुढे तपासणी.

कंट्रोल

किमान चार हवेत : काहीही न घातलेला खण, फक्त डीएमएसओचा, फक्त फोर्स्कोलिनचा, आणि एकेक रेणू वगळलेल्या मिश्रणांचे. तिसरा बहुतेक जण विसरतात. सायक्लिक एएमपी वाढलं की फायब्रोब्लास्ट तासाभरातही आक्रसून ताऱ्यासारखा दिसू लागतो, आणि रेणू धुऊन काढला की पुन्हा पूर्ववत. तो आकाराचा बदल असतो, ओळखीचा नव्हे. याच फसवणुकीत अख्खं क्षेत्र एकदा सापडलं होतं. २००० साली अस्थिमज्जेच्या पेशी डीएमएसओसारख्या रसायनांनी काही तासांत न्यूरॉन होतात असा दावा छापून आला. चार वर्षांनी दोन गटांनी दाखवलं की पेशींचा सांगाडा विषाने आक्रसत होता आणि उरलेल्या दोऱ्या शाखांसारख्या दिसत होत्या.

खरंच न्यूरॉन झाले का

टुज-१ या न्यूरॉनच्या खुणेचं स्टेनिंग ही पहिली पायरी, पण एकट्या टुज-१ वर विसंबू नका. मॅप-२ आणि न्यू-एन (NeuN) या खुणाही हव्यात, आणि फायब्रोब्लास्टची जनुकं उतरल्याचं क्यूपीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) दिसायला हवं. जुनी जनुकं तशीच चढी असतील तर पेशीने नुसता वेश पालटलाय. त्याच्यापुढे सिनॅप्सिन, म्हणजे न्यूरॉनच्या जोडांवरचं प्रथिन. सगळ्यात शेवटी पॅच क्लॅम्प, म्हणजे पेशी विजेचा ठोका देते की नाही. तो कोल्हापुरात जवळपास मिळाला नाही तर पुण्याला पेशी घेऊन जावं लागेल. त्याची बोलणी पहिल्याच महिन्यात करून ठेवा.

टक्केवारीत हमखास घोळ होतो. समजा २० हजार पेशी टाकल्या होत्या. चौदाव्या दिवशी ४ हजार उरल्या, त्यातल्या ८०० टुज-१ दाखवतात. हे २० टक्के की ४ टक्के? उरलेल्यांच्या मानाने २०, टाकलेल्यांच्या मानाने ४. जितक्या जास्त पेशी मरतील तितका पहिला आकडा फुगतो. दोन्ही आकडे लिहा. आणि मोजणारा वेगळा ठेवा, कुठल्या खणात काय घातलंय हे ज्याला माहीत नाही असा.

दवाखान्याचं काय

हे काम करताय म्हटल्यावर नात्यातून फोन येतोच. 'काकांना साखर आहे, तुमच्याकडे काही होतं का?' चीनमधून २०२४ मध्ये आलेली बातमी खरी आहे : टाइप-१ मधुमेहाच्या एका तरुणीच्या स्वतःच्या पेशी रसायनांनी मागे नेल्या, त्यापासून इन्सुलिन बनवणारे पुंजके केले, पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले, आणि ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन बंद झालं. पण ती एकच रुग्ण होती, आणि यकृत प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आधीपासून घेत होती, त्यामुळे औषधाविना काय झालं असतं ते यातून कळत नाही. काकांचा मधुमेह बहुधा टाइप-२ असतो, तो मुद्दा आणखी वेगळा. भारतात रक्ताच्या आजारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मोजके मान्य उपचार सोडले तर मूलपेशींचा उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. कुणी पैसे घेऊन देतो म्हणत असेल तर त्याला क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा नंबर विचारा. मंजूर चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, हेही काकांना सांगून ठेवा.

प्लेट टाकण्याआधी

स्टेनिंग झालं, फोटो काढले, म्हणून सगळी प्लेट लगेच फेकू नका. प्रत्येक गटाचा एक खण आरएनएसाठी लायसिस (पेशी फोडणाऱ्या) द्रवात घेऊन उणे ८० वर ठेवा. परीक्षक हमखास असं एखादं जनुक विचारतात जे तुम्ही पाहिलेलं नसतं. कुपीवर तारीख, पेशींचा पॅसेज आणि प्रत्येक रसायनाचा लॉट नंबर लिहा. लॉट बदलला आणि निकाल पालटला असं माझ्याकडे दोनदा घडलंय, आणि पहिल्या वेळी वहीत लॉट नंबर नव्हता म्हणून तीन महिने मी सीरमला शिव्या घालत होतो. टिपा आणि प्लेटा हायपोक्लोराइटमध्ये भिजवून संस्थेच्या जैववैद्यकीय कचऱ्यात. उरलेले रसायनांचे स्टॉक रासायनिक कचऱ्यात, सिंकमध्ये नाही.